चटई कारखान्याच्या इंटरनेट लाइनवर एनटॉपएनजी: काही महिन्यांच्या वापरानंतर

जळगाव एमआयडीसीतील आमच्या चटई कारखान्याचे नेटवर्क मी सांभाळतो. माल भरलेला ट्रक फाटकाशी उभा आहे आणि ई-वे बिलाचे पोर्टल उघडत नाही, हा प्रकार हिवाळ्यात इतका वाढला की इंटरनेट पुरवठादाराशी वारंवार वाद होऊ लागले. ‘लाइन तुमच्याच वापराने भरते’ एवढेच उत्तर मिळे. कोणत्या यंत्रामुळे भरते, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. आमच्या राउटरचा आलेख पाच मिनिटांची सरासरी दाखवतो आणि त्या सरासरीत मिनिटभराची कोंडी बुडून जाते. म्हणून एनटॉपएनजी या, नेटवर्कवरची वाहतूक यंत्रागणिक दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरची मोफत कम्युनिटी आवृत्ती बसवली.

खर्च झाला तो फक्त स्विचचा. एनटॉपएनजीच्या संगणकाला लाइनवरच्या वाहतुकीची प्रत मिळावी लागते. साध्या स्विचला एका पोर्टवरच्या वाहतुकीची प्रत दुसऱ्या पोर्टवर पाठवता येत नाही, त्यामुळे तशी ‘मिरर पोर्ट’ची सोय असलेला जुना स्विच गोलाणी मार्केटमधून घेतला. संगणक अडगळीतलाच वापरला.

सुरुवातीला माझे मत प्रतिकूल होते. बरीच वाहतूक नुसती ‘टीएलएस’ किंवा ‘क्विक’ या कूटबद्ध जोडणीच्या पद्धतींच्या नावाखाली दिसे, आणि एवढ्याने काय कळणार, असे वाटे. पुढे एनटॉपएनजीतील एनडीपीआय या, वाहतूक कशाची आहे ते ओळखणाऱ्या भागाचे काम समजले तेव्हा मत बदलले. मजकूर कूटबद्ध असला तरी जोडणीच्या पहिल्या संदेशात सर्व्हरचे नाव बहुधा उघडे असते, आणि एनडीपीआय ते वाचते. क्विकमध्ये हा पहिला संदेशही झाकलेला असतो, परंतु त्याची किल्ली त्याच पाकिटातील माहितीवरून काढता येते, त्यामुळे तेथेही नाव मिळते. सर्व्हरचे हे नावही कूटबद्ध करणाऱ्या ‘एनक्रिप्टेड क्लायंट हॅलो’ पद्धतीचा वापर वाढेल तशी ही सोय आटत जाईल, हेही लक्षात ठेवावे.

मला सर्वांत मोलाची वाटली ती मात्र याहून साधी गोष्ट: प्रत्येक यंत्राने किती पाठवले आणि किती घेतले, याचा वेगळा हिशेब. आम्ही सारे डाउनलोडकडे पाहत होतो, तर गोदामातील कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर भर दुपारी क्लाउडवर चित्रीकरण चढवत होता. अपलोड भरले की डाउनलोडच्या पोचपावत्याही रांगेत अडकतात आणि पोर्टल रखडते. ते काम रात्रीवर ढकलल्यावर बहुतेक तक्रारी थांबल्या. ज्या उरल्या, त्या वेळी लाइन जवळजवळ रिकामी असल्याचे आलेख मी पुरवठादारापुढे ठेवले. तेव्हा कुठे त्यांचा तंत्रज्ञ आला आणि त्याने फायबरचा खराब जोड बदलला. हा एक आलेख हाती असता, तर आधीचे सगळे वाद टळले असते.

स्कोअर (यंत्राच्या संशयास्पद वागणुकीचे गुण) आणि इशाऱ्यांची सोय चांगली आहे, पण कॅमेऱ्यांची स्वतःच सही केलेली प्रमाणपत्रे तिला सतत धोकादायक वाटतात. तेवढे इशारे वगळावे लागतात. जुन्या एकेका जोडणीचा मागोवा घेण्याची सोय सशुल्क आवृत्तीत आहे. दुपारची अडचण संध्याकाळी कळली, तर मोफत आवृत्तीत आलेख मिळतो, त्यामागची जोडणी मिळत नाही. त्यामुळे बिल करणाऱ्या मुलाला पोर्टल रखडताक्षणी फोन करायला सांगितले आहे. एका लाइनच्या कारखान्यासाठी परवान्याचे पैसे मला अजून पटलेले नाहीत. भुसावळ रस्त्यावरचे दुसरे गोदाम याच नेटवर्कला जोडले गेले, तर पुन्हा विचार करीन.