हँडब्रेक पूर्ण सुटत नाही: जुनी केबल मोकळी करायची की सरळ नवीन टाकायची?

हँडब्रेक खाली केला तरी मागचं एक चाक धरून राहतंय हे एकदा कळलं की शेवटी दोनच गोष्टी हातात उरतात, एक तर आहे ती केबल सोडवून साफ करून तेल पाजून परत बसवायची, नाहीतर दोन्ही बाजूंच्या केबल नवीन टाकायच्या. मी हे दोन्ही केलंय, एकाच गाडीवर, 5-6 महिन्यांच्या अंतराने, म्हणून थोडं सविस्तर लिहितोय. गाडी मागे ड्रमवाली (चाकाबरोबर फिरणारा पोकळ ड्रम, त्याला आतून लायनर दाबले की ब्रेक लागतो) आणि हँडब्रेक साधा लीव्हरचा. बटणावाला इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर बहुतेक गाड्यांत मोटरच कॅलिपरवर (डिस्क ब्रेकच्या चिमट्यावर) असते, तिथे दुखणं वेगळं आणि उपायही वेगळा.

खर्च करायच्या आधी दोष केबलचाच आहे ना ते बघून घ्या, कारण चाक जड फिरायला कारणं बरीच असतात. सपाट जागा, पुढच्या चाकांना ठोकळे, मागची बाजू उचलून स्टँडवर (नुसत्या जॅकच्या भरवशावर अजिबात नको), हँडब्रेक खाली, आणि दोन्ही चाकं हाताने फिरवायची. मागच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर न्यूट्रलमध्ये. ज्या बाजूला चाक अडतंय तिथे आधी लीव्हरजवळचा ॲडजस्टमेंटचा नट पूर्ण ढिला करून बघा, लगेच चाक सुटलं तर नट कुणीतरी जास्त आवळलेला असण्याची शक्यता मोठी. नाही सुटलं तर ड्रम काढून आतल्या लीव्हरमधून केबलचं टोक सोडवायचं. लायनर ड्रमला धरून बसलेले असतील तर ड्रम सहज निघत नाही, मागच्या प्लेटला भोक असेल तर तिथून आतला ॲडजस्टर मागे फिरवावा लागतो. केबल सोडल्यावर आतला लीव्हर हाताने मोकळा पुढेमागे होतोय आणि लायनर आपोआप आत येतायत, म्हणजे दोष केबलमध्ये. तसं नसेल तर स्प्रिंग, लीव्हरचा गंजलेला पिव्होट, व्हील सिलिंडर (तेलाच्या दाबाने लायनर ढकलणारा) हे बघायचं, आणि ब्लीडरचा निपल (ब्रेकच्या तेलातली हवा काढायचा) उघडल्याबरोबर चाक सुटलं तर मग हँडब्रेकचा काहीच संबंध नाही, पायाच्या ब्रेकच्या तेलाचं प्रेशर अडकतंय, बऱ्याचदा आतून फुगलेल्या होजमुळे (रबरी नळीमुळे). ड्रममधली धूळ मात्र हवा मारून उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसा.

माझ्याकडे डाव्या बाजूची केबल होती. कव्हरच्या आतली तार ओढली की बाहेर यायची पण स्प्रिंगच्या जोरावर परत आत जायची नाही, हाताने ढकलावी लागायची.

नट ढिला करून गाडी हातात देतात तो प्रकार मी पर्याय म्हणून धरतच नाही. अडकलेली तार नट ढिला केल्याने सुटत नाही, फक्त चांगल्या बाजूचा हँडब्रेक कमजोर होतो, आणि उतारावर गाडी उभी करायची वेळ आली की ते कळतं.

आता तेल पाजणं. याच्या बाजूने बोलण्यासारखं खरंच आहे. केबल काढली, एक टोक वर टांगलं, वरच्या टोकाला प्लॅस्टिकच्या पिशवीचा छोटासा नरसाळा बांधून पातळ तेल सोडलं, रात्रभर ठेवलं, सकाळी खालच्या टोकातून आधी लालसर काळं पाणी आलं आणि मग तेल. तार पुढेमागे करत राहिलो, तासाभरात ती बोटाने ढकलली तरी सरकायला लागली. बसवताना टोक नीट पुसून घेतलं कारण लायनरवर तेलाचा थेंब पडला तर ब्रेकच जातो. पार्ट मागवायची वाट बघायला लागली नाही, चाक एकदम मोकळं फिरायला लागलं, गाडी न्यूट्रलमध्ये पूर्वीसारखी लांबपर्यंत घरंगळायला लागली. मी खूश होतो.

पण मग एक त्रास सुरू झाला आणि माझ्यापुरता निर्णय त्यानेच केला. गाडी रोज चालतेय तोपर्यंत सगळं छान, पण 4 दिवस उभी राहिली, मध्ये पाऊस पडून गेला, की पहिल्या दिवशी तेच डावं चाक परत धरणार, आणि वाईट म्हणजे ते आत बसून कळतच नाही. लीव्हर तर पूर्ण खाली जातो, डॅशबोर्डवरची लाइट पण जाते, कारण लाइटचा स्विच लीव्हरपाशी असतो, मागे चाकात काय चाललंय ते त्याला माहीतच नसतं. म्हणजे गाडी सांगतेय की ब्रेक सुटला आणि प्रत्यक्षात लायनर ड्रमवर घासतोय. हळूहळू मला सवयच लागली, कुठेही पोचलो की उतरायचं, मागे जायचं, दोन्ही चाकांजवळ हाताचा पंजा उलटा धरून कुठलं जास्त गरम आहे ते बघायचं. घरचे दारात उभे आणि मी चाकापाशी वाकलेलो. कधी दोन्ही सारखी असायची, कधी डाव्या चाकातून नुसती धगच नाही तर जळका वासही यायचा, आणि आज कसं असेल याचा काही नेम नाही. नंतर लक्षात आलं की ब्रेक अडकेल या धास्तीने मी हँडब्रेक पूर्ण ओढणंच सोडलंय, दोन टक् ओढायचे आणि गिअरमध्ये टाकून उतरायचं. सपाट जागेत ठीक, पण ज्या ब्रेकवर आपण स्वतःच विश्वास ठेवत नाही तो गाडीत असून काय उपयोग, असं मला मनापासून वाटायला लागलं.

एक खूण मात्र या काळात सापडली, ती उपयोगी आहे. केबल मागे अडकलेली असली की पुढच्या वेळी लीव्हर ओढताना पहिले टक् पोकळ लागतात, हाताला जोरच लागत नाही, कारण मधली तार आधीच सैल पडलेली असते. असं जाणवलं तर समजा की मागच्या वेळी ब्रेक पूर्ण सुटलेला नव्हता.

शेवटी नवीन केबल टाकल्या, दोन्ही बाजूंच्या. एकच टाकली असती तरी चाललं असतं कदाचित, पण एक जुनी ताणलेली आणि एक नवी असली की दोन्ही चाकांवर सारखा ताण येईल याची मला खात्री वाटेना. काम तेल पाजण्यापेक्षा जास्त आहे हे कबूल करतो, गाडीच्या पोटाखालचे क्लिप गंजलेले निघतात, एखादा तुटतोच, आणि नवीन केबल जुनीच्याच वाटेने न्यायला लागते, सायलेन्सरच्या पाइपजवळून गेली की कव्हर वितळतं आणि सस्पेन्शनच्या हालचालीत ताणली गेली की ब्रेक आपोआप लागतो. ॲडजस्टमेंटला आधी ड्रममधले लायनर जुळवायचे आणि मगच केबलचा नट, उलटं केलं की लीव्हर छान वाटतो पण चाक परत घासतं. किती टक्‌ला ब्रेक लागायला हवा ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं, ते बघूनच करा. नवीन केबल सुरुवातीला थोडी बसते, म्हणून काही आठवड्यांनी एकदा परत तपासायला लागलं.

त्यानंतर गाडी पावसात आठवडा-आठवडा उभी राहिलीय. चाकापाशी वाकायची सवय जायला महिना लागला, पण गेली.

तरी तेलाचा मार्ग चुकीचा असं मी म्हणणार नाही. केबल फार जुनी नसेल, बाहेरचं कव्हर अखंड असेल, फक्त टोकापाशी माती बसून तार जड झाली असेल, किंवा पार्ट यायला वेळ आहे आणि तोपर्यंत गाडी लागणारच आहे, तर जरूर करून बघा, कुणाची केबल त्याच्यावर वर्षानुवर्षं चालतही असेल. मी माझी जुनी केबल मात्र काढल्यावर कापून पाहिली. मागच्या टोकाच्या रबरी बुटाला (पाणी-माती अडवणाऱ्या टोपणाला) बारीक चीर होती, तिथून पाणी शिरून कव्हरच्या सगळ्यात खालच्या वळणात साचत होतं, तिथे आतलं प्लॅस्टिकचं अस्तर फाटलेलं आणि तारेचे 3-4 धागे तुटून काट्यासारखे उभे राहिलेले. तार त्या काट्यांमध्ये अडकत होती. मी पाजलेलं तेल तिथपर्यंत पोचलंही असेल, पण तुटलेले धागे त्याने जोडले जाणार नव्हते आणि बुटाची चीरही भरणार नव्हती. त्यामुळे चाक उघडलंच आहे तर आधी तो रबरी बूट बोटांनी वाकवून बघा, चीर दिसली तर मी तरी तेलाच्या मागे लागणार नाही.