अमेरिकेतलं ऑटो-एनरोलमेंट ४०१(के): नोंदणी आपोआप होते, टक्केवारी तुम्हीच बदला

४०१(के) म्हणजे नोकरीतून मिळणारं निवृत्ती बचत खातं; त्यात पगारातून परस्पर वजावट होते. अमेरिकेत २९ डिसेंबर २०२२ रोजी किंवा त्यानंतर सुरू झालेल्या बहुतेक ४०१(के) प्लॅन्सना २०२५पासून कर्मचाऱ्याची नोंदणी आपोआप करावी लागते. सुरुवातीची वजावट पगाराच्या ३ ते १० टक्के असते आणि ती दरवर्षी १ टक्क्याने वाढत किमान १० टक्क्यांवर जाते. कमाल मर्यादा १५ टक्के. दहा किंवा त्याहून कमी कर्मचाऱ्यांच्या कंपन्या, तीन वर्षंही पूर्ण न झालेल्या कंपन्या, सरकारी आणि चर्चचे प्लॅन यातून वगळले आहेत.

ही सोय थेट अर्थशास्त्राच्या संशोधनातून कायद्यात आली, आणि तिचं बलस्थान व दुखणं दोन्ही त्याच संशोधनात दिसतं. ब्रिजिट मॅड्रियन आणि डेनिस शे या संशोधकांनी २००१मध्ये एका मोठ्या कंपनीची आकडेवारी मांडली. फॉर्म भरायची पद्धत होती तेव्हा नव्या कर्मचाऱ्यांपैकी ४९ टक्के सामील होत. आपोआप नोंदणी सुरू झाल्यावर ८६ टक्के. पण त्यांतले बहुतेक जण कंपनीने ठरवलेल्या ३ टक्क्यांवर आणि मनी मार्केट फंडावरच (कमी जोखमीचा, कमी परताव्याचा फंड) थांबले. फंडाची अडचण पुढे बरीच सुटली: २००६च्या पेन्शन प्रोटेक्शन ॲक्टनंतर बहुतेक प्लॅन टार्गेट-डेट फंडाकडे (निवृत्तीच्या वर्षानुसार शेअर आणि रोख्यांचं प्रमाण आपोआप बदलणारा फंड) वळले. ३ टक्क्यांची सवय मात्र अनेक जुन्या प्लॅन्समध्ये आजही आहे.

त्यावरचा उपाय रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी या अर्थशास्त्रज्ञांचा. वाढीव कपात पगारवाढीच्या दिवशीच लागू करायची, म्हणजे हातात येणारा पगार घटलेला दिसत नाही. पहिल्या प्रयोगात योजनेत सामील झालेल्यांची बचत ४० महिन्यांत ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. या संपूर्ण व्यवस्थेतला सर्वांत चांगला भाग हाच. तुमच्या प्लॅनमध्ये 'ऑटो-इन्क्रीज' (टक्केवारी दरवर्षी आपोआप वाढवण्याची सोय) बंद असेल तर आधी तो सुरू करा आणि तारीख पगारवाढीच्या महिन्याची ठेवा.

पैसा कुठे निसटतो, हे मॅचच्या, म्हणजे कंपनी तुमच्या बचतीत घालते त्या भरीच्या, हिशेबात दिसतं. समजा पगार ८०,००० डॉलर आहे आणि कंपनी पगाराच्या ६ टक्क्यांपर्यंत तुमच्या रकमेच्या निम्मी भर घालते. ३ टक्क्यांवर तुमचे २,४०० आणि कंपनीचे १,२०० डॉलर. ६ टक्क्यांवर तुमचे ४,८०० आणि कंपनीचे २,४००. म्हणजे ३ टक्क्यांवर बसून राहिलात तर वर्षाला १,२०० डॉलर कंपनीकडेच राहतात. जादा २,४०० डॉलर भरताना आयकराच्या २२ टक्क्यांच्या टप्प्यात फेडरल (केंद्र सरकारचा) कर ५२८ डॉलरने घटतो, त्यामुळे हातात येणारी रक्कम १,८७२ डॉलरनेच कमी होते. सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) आणि मेडिकेअरची (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) कपात मात्र पूर्ण पगारावरच होते. ती वाचेल असं गृहीत धरू नका.

करसवलतीकडून फार अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०१४मध्ये डेन्मार्कच्या नोंदींवरून दाखवलं की सरकारने सवलतीपोटी सोडलेल्या दर डॉलरमागे एकूण बचत सुमारे १ सेंटने वाढली. जे सवलत बघून पैसे हलवतात ते मुख्यतः एका खात्यातले दुसऱ्यात टाकतात, आणि ८५ टक्के लोक हलतच नाहीत. म्हणूनच करकपातीपेक्षा आपोआप होणारी वजावट जास्त काम करते, आणि २०२७पासून येणारा 'सेव्हर्स मॅच' मला योग्य वाटतो: कमी उत्पन्नाच्या बचतकर्त्याला पहिल्या २,००० डॉलरवर ५० टक्क्यांपर्यंत सरकारी भर थेट निवृत्ती खात्यात मिळेल.

खरी गळती नोकरी बदलताना होते. जुन्या ठिकाणी ९ टक्क्यांवर पोहोचलेला माणूस नव्या कंपनीत पुन्हा ३ टक्क्यांपासून सुरू होतो. वेस्टिंग (कंपनीची भर कायमची तुमची होण्यासाठी लागणारा नोकरीचा काळ) पूर्ण नसेल तर कंपनीची भर परत जाते. शिल्लक १,००० डॉलरपेक्षा कमी असेल तर प्लॅन घरी चेक पाठवू शकतो, आणि ७,०००पर्यंत असेल तर परस्पर आयआरएमध्ये (वैयक्तिक निवृत्ती खातं) वळवू शकतो. तिथे ती अनेकदा रोख स्वरूपातच पडून राहते. अर्थशास्त्रज्ञ जेम्स चोई, डेव्हिड लेबसन आणि सहकाऱ्यांनी २०२४मध्ये हे सगळं धरून हिशेब केला, तेव्हा ऑटो-एनरोलमेंटमुळे सरासरी बचत उत्पन्नाच्या जेमतेम ०.६ टक्क्याने वाढलेली दिसली. आधीच्या अंदाजांपेक्षा हे बरंच कमी आहे.

म्हणून नोकरी बदलताना 'डायरेक्ट रोलओव्हर'च (जुन्या खात्यातून थेट नव्या खात्यात रक्कम वळवणं) मागा. चेक तुमच्या नावाने निघाला तर २० टक्के कर आधीच कापला जातो आणि तेवढी रक्कम खिशातून घालून ६० दिवसांत नव्या खात्यात भरावी लागते. ते जमलं नाही तर राहिलेल्या रकमेवर आयकर आणि साडेएकोणसाठ वर्षांच्या आत असाल तर साधारणपणे वर १० टक्के दंड. नव्या प्लॅनमध्ये जुनी टक्केवारी पहिल्याच पगाराआधी स्वतः टाका.

नोंदणी नकोच असेल तर नव्या नियमाखालचे प्लॅन पहिल्या कपातीपासून ३० ते ९० दिवसांची मुदत देतात. त्या मुदतीत काढलेल्या रकमेवर दंड नाही, आयकर आहे, आणि कंपनीची भर जाते.