खालची दाढ गेली: ब्रिज बसवायचा की इम्प्लांट?

मी दोन्ही वापरले आहेत, तेही एकाच वेळी. डावीकडची खालची पहिली दाढ २००९ साली काढली आणि तिथे तीन दातांचा ब्रिज बसवला. उजवीकडची तीच दाढ २०१८ च्या मार्चमध्ये उभी चिरली, तेव्हा तिथे इम्प्लांट घेतलं. त्यानंतर चार वर्षं एका बाजूला ब्रिज आणि दुसऱ्या बाजूला इम्प्लांट अशी जेवणं झाली. वाडीत कुणाची दाढ गेली की लोक आता विचारायला येतात, म्हणून एकदा लिहूनच काढतो.

ब्रिज म्हणजे काय, इम्प्लांट म्हणजे काय, हे डॉक्टरांनी तुम्हाला चित्र काढून सांगितलं असेलच: ब्रिजमध्ये मधला खोटा दात शेजारच्या दोन दातांवर चढवलेल्या कॅपना जोडलेला असतो, आणि इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेला स्क्रू आणि त्यावर दाताच्या आकाराची कॅप. इथे मी धरून चाललोय की मधली एकच दाढ गेली आहे आणि तिच्या पुढची-मागची जागेवर आहे. अख्खी कवळी लागणाऱ्यांचा हिशोब वेगळा असतो.

ब्रिजच्या बाजूने बोलायचं तर काम झटपट होतं. माझं तीन फेऱ्यांत, दहा दिवसांत झालं. २००९ साली नऊ हजार रुपये लागले. हाडात काही ठोकायचं नाही, टाके नाहीत, महिनोन् महिने थांबणं नाही. बसवल्याच्या दिवशी रात्री मी भाकरी खाल्ली. खटकलं ते एवढंच की मधल्या एका दाढेसाठी शेजारचे दोन धडधाकट दात चहूबाजूंनी घासून बारीक केले. घासलेला दात पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. त्यातल्या मागच्या दाढेची नस तीन वर्षांतच काढावी लागली. सगळ्यांचं असं होतं असं नाही, पण माझं झालं.

तरी ब्रिजवरून मन उडालं ते नस काढावी लागली म्हणून नाही. ते उडालं नारळाच्या चवामुळे, म्हणजे खवलेल्या ओल्या खोबऱ्यामुळे.

आपल्याकडे ओलं खोबरं पडत नाही असा पदार्थ शोधावा लागतो. पोह्यांवर, उसळीवर, भाजीवर, सांदणाबरोबर, मोदकात, सगळीकडे चव. ब्रिजचा मधला दात हिरडीवर नुसता टेकलेला असतो, हिरडीत शिरलेला नसतो. त्याच्या पोटाखाली केसाएवढी फट राहते, आणि खवलेल्या नारळाचा कीस बरोबर त्याच फटीत जाऊन बसतो. चूळ भरून निघत नाही, ब्रशने निघत नाही, काडी तिथवर पोचतच नाही. दुपारचं खोबरं संध्याकाळी जिभेला आंबट लागायला लागतं. फणसाचं तसंच. बरक्या फणसाचा तंतू तिथे गेला की तो जीभ लावून लावून जीभ सोलेपर्यंत हलत नाही. रायवळ आंबा चोखून खाणं तर मी सोडूनच दिलं होतं, आणि आमची स्वतःची बाग आहे.

ही फट साफ करायला एक खास दोरा मिळतो, सुपरफ्लॉस. त्याचं एक टोक कडक असतं. ते सुईत ओवावं तसं गालाच्या बाजूने ब्रिजच्या खाली घालायचं, जिभेच्या बाजूने बोटाने पकडायचं, ओढून घ्यायचं, आणि मग दोऱ्याचा जाड भाग पाच-सहा वेळा पुढे-मागे करायचा. वाचायला सोपं वाटतं. खालच्या मागच्या दाढेपाशी, थुंकीने बोटं निसरडी झालेली असताना ते टोक पकडून बघा. पावसाळ्यात आमच्याकडे वीज गेली की दोन-दोन दिवस येत नाही. तेव्हा बायको बॅटरी धरून उभी राहायची आणि मी आरशासमोर आ वासून दोरा ओवायचो. दोरा बाहेर आला की त्याला पिवळट कीस लागलेला असायचा, आणि त्याचा वास! आमच्या बाजारपेठेतल्या मेडिकलवाल्याने सुपरफ्लॉसचं नावही ऐकलं नव्हतं. भाचा मुंबईहून गणपतीला येताना वर्षाची पाकिटं घेऊन यायचा.

नऊ वर्षं रोज रात्री हे केलं. दुसऱ्याच्या घरी जेवायला गेलो की पहिल्या चार घासांनंतर माझं लक्ष ताटावरून उडायचं आणि जीभ डाव्या कोपऱ्यात शिरायची. उजवी दाढ चिरल्यावर डॉक्टरांनी कागदावर दोन्ही पर्याय लिहून दिले. ब्रिज अठरा हजार, इम्प्लांट कॅपसकट अडतीस हजार. मी पैशांचा विचार केला, नाही असं नाही. पण उजवीकडेही तोच दोरा ओवायचा ही कल्पना मला सहन होईना.

इम्प्लांटला धीर लागतो. आंब्याच्या हंगामात मला सवड नव्हती, म्हणून चिरलेली दाढ लगेच काढून घेतली आणि बाकीचं काम पावसावर टाकलं. मृग लागल्यावर स्क्रू बसवला आणि गणपती गेल्यावर, म्हणजे साधारण साडेतीन महिन्यांनी, वर कॅप चढली. खालच्या जबड्याला तीन महिने आणि वरच्याला जरा जास्त असा साधारण हिशोब असतो, कारण वरचं हाड जास्त भुसभुशीत. ज्याने कधी कलम बांधलंय त्याला हे थांबणं वेगळं समजवावं लागत नाही. पट्टी बांधली की हलवायचं नाही. खुंट आणि काडी एकमेकांना धरली की मग वारा येऊ दे. इथे खुंटाच्या जागी हाड आणि काडीच्या जागी धातू. धातू जिवंत नसतो, तरी हाड त्याला धरतं, हेच यातलं नवल.

हे नवल सापडलं ते योगायोगाने. पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे स्वीडनचे संशोधक १९५२ साली सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची छोटी डबी बसवून रक्तपुरवठा बघत होते. काम संपल्यावर महागाची डबी परत काढायला गेले, तर ती निघेना, हाड तिला घट्ट चिकटलं होतं. पहिल्या माणसाच्या जबड्यात त्यांनी हे टायटॅनियम बसवलं १९६५ साली. योस्टा लार्सन त्या माणसाचं नाव. तो २००६ साली वारला तोपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षांहून जास्त काळ, ती इम्प्लांट्स त्याच्या तोंडात काम करत होती. ‘हे टिकतं किती?’ असं कुणी विचारलं की मी लार्सनचं उदाहरण देतो. आकडेच हवे असतील तर दहा वर्षांनंतर शंभरातली पंचाण्णवच्या आसपास इम्प्लांट्स जागेवर असतात, आणि ब्रिजचा आकडा नव्वदच्या आसपास सांगतात. फरक फार मोठा नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. शिवाय टिकतो तो हाडातला स्क्रू. वरची कॅप झिजते, टवका उडतो, दहा-पंधरा वर्षांनी ती बदलावी लागू शकते.

आता धातू कोणता. मलाही विचारलं होतं, टायटॅनियम घ्यायचं की पांढरं झिरकोनियाचं. झिरकोनिया ही सिरॅमिक, धातू नव्हे. समोरच्या दाताला, हिरडी पातळ असेल आणि हसताना दिसत असेल, तर तिचा उपयोग आहे, कारण पातळ हिरडीतून टायटॅनियमची करडी छटा दिसू शकते. दाढेला कोण बघतंय? सिरॅमिक कडक असते पण तिला लवचीकपणा नाही. धातू ताण सोसतो, सिरॅमिक तडकते. तिचा अनुभवही टायटॅनियमइतक्या वर्षांचा नाही. मी टायटॅनियम घेतलं आणि मला त्यात शंका नव्हती. आपल्या रत्नागिरीजवळच्या काळबादेवीच्या किनाऱ्यावर काळी वाळू दिसते ना, तिच्यात इल्मेनाइट नावाचं खनिज असतं, आणि जगात टायटॅनियम काढतात ते मुख्यतः इल्मेनाइटमधूनच. ओहोटीच्या वेळी तिथून चालताना हे मला दर वेळी आठवतं.

वरची कॅप मात्र झिरकोनियाची घेतली. ब्रिज धातूवर सिरॅमिक चढवलेला होता. कुर्लीची, म्हणजे खेकड्याची, नांगी फोडताना त्याचा टवका उडाला आणि आतला काळा धातू दिसायला लागला. नांगी दातांनी फोडू नये हे खरंच, पण कोकणात राहून ते किती जण पाळतात? अखंड झिरकोनियाच्या कॅपला अजून काही झालेलं नाही.

इम्प्लांटमध्ये काही उणं नाही असं मी म्हणणार नाही. खऱ्या दाताच्या मुळाभोवती मऊ गादीसारखा पडदा असतो, तो जराशी वस्तू आली तरी सांगतो. इम्प्लांटला तो नाही. मांदेलीचा बारीक काटा डाव्या दाताखाली आला की लगेच कळायचं. उजवीकडे तो जीभ लागेपर्यंत कळत नाही. तांदळातला खडा चावला तर आवाज आधी येतो, जाणीव नंतर. सहा महिन्यांत सवय झाली, पण ती जाणीव परत आली नाही.

दुसरी गोष्ट आपल्या भागातली आहे आणि मला ती महत्त्वाची वाटते. इम्प्लांट बसवणारे डॉक्टर आमच्याकडे पंधरवड्यातून एकदा घाट उतरून येतात. तिसऱ्या वर्षी माझी कॅप हलायला लागली. आतला छोटा स्क्रू ढिला झाला होता. इथल्या दवाखान्यात गेलो तर त्या कंपनीचा पेचकस त्यांच्याकडे नव्हता, आणि बऱ्याच कंपन्यांचे पेचकस वेगवेगळे. पुढच्या फेरीची वाट बघत मी नऊ दिवस एका बाजूने जेवलो. डॉक्टर आल्यावर काम पंधरा मिनिटांत झालं, कारण माझी कॅप सिमेंटने चिकटवलेली नाही, स्क्रूने कसलेली आहे. वरचं बुजवलेलं भोक उघडलं, कसलं, परत बुजवलं. सिमेंटची असती तर बहुधा फोडावी लागली असती. शिवाय ते सिमेंट हिरडीखाली राहिलं तर आत सूज धरते. म्हणून घेणाऱ्याला मी दोन गोष्टी आवर्जून सांगतो. कॅप स्क्रूची मागा. आणि इम्प्लांटचं कार्ड मागून घ्या, त्यावर कंपनी, माप आणि लॉट नंबर असतो. माझं कार्ड सातबाऱ्याच्या फाइलमध्ये आहे.

इम्प्लांटपाशी अन्न अडकतच नाही का? अडकतं. कॅप आणि पुढच्या दाताच्या मधे आता थोडी फट पडली आहे, तिथे चव बसतो. पण तो बाजूने बसतो, पोटाखाली नाही. बाटलीच्या ब्रशसारखा बारीक ब्रश एकदा आत-बाहेर केला की काम झालं. अंधारातही जमतं.

ब्रिजचं पुढे काय झालं तेही सांगतो. २०२२ च्या पावसात तो मागच्या बाजूने हलायला लागला. काढला तर ज्या दाढेची नस काढली होती ती कॅपच्या आत कुजून भुशासारखी झाली होती. नस नसल्यामुळे दुखलंच नाही, म्हणून कळलंच नाही. ती काढावी लागली. एक दाढ वाचवायला गेलो आणि तेरा वर्षांनी दोन गेल्या. तेरा वर्षं हा ब्रिजसाठी वाईट काळ नाही असं डॉक्टर म्हणाले, आणि ते बरोबरच आहे. पण उजवीकडच्या शेजारच्या दातांना कुणी हात लावलेला नाही, ते जसे होते तसे आहेत. आता डावीकडेही दोन इम्प्लांट्स आहेत.

तरीही माझ्या आक्काला मी ब्रिजच घे म्हणालो. तिची दाढ जाऊन आठ वर्षं झाली होती, तिथलं हाड झिजून सुरीच्या पात्यासारखं झालं होतं, आणि हाड भरून मग इम्प्लांट म्हणजे जवळजवळ वर्षभराचं काम. शेजारच्या दोन्ही दातांवर आधीच कॅप होत्या, म्हणजे धडधाकट दात घासण्याचा प्रश्नच नव्हता. शिवाय साखर आटोक्यात नव्हती. साखर वाढलेली असेल, मिसरी किंवा बिडी सुटत नसेल, तर हाड स्क्रूला धरेल याची खात्री देता येत नाही, आणि नंतर हिरडी सुजून हाड झिजण्याची भीतीही जास्त. पायोरियाने दात गेले असतील तर आधी तो बरा करून घ्यावा, नाहीतर इम्प्लांटभोवतीही तेच सुरू होतं. तुमच्या बाबतीत यातलं काही नसेल आणि शेजारचे दात कोरे असतील, तर मी इम्प्लांटकडे झुकेन. पैसे जास्त गेले तरी. फक्त वर्षानुवर्षं थांबू नका, दाढ काढल्यानंतर हाड सर्वांत जास्त झिजतं ते पहिल्याच वर्षात.

आणि ब्रिजच घ्यायचं ठरलं, तर तो कायमचा चिकटवायच्या आधी सुपरफ्लॉस बरोबर घेऊन जा. खुर्चीत बसल्या बसल्या डॉक्टरांसमोर स्वतःच्या हाताने तो ब्रिजखालून ओवून बघा. दोरा अडला तर मधल्या दाताचं पोट तिथेच घासून घ्या आणि पुन्हा ओवून बघा. एकदा सिमेंट बसलं की मग ते करता येत नाही.