चंद्रावर अपील नाही

रॉबर्ट हाइनलाइन यांच्या 'द मून इज अ हार्श मिस्ट्रेस' (1966) या विज्ञान कादंबरीची जुनी प्रत फोर्टच्या फुटपाथवर दीडशे रुपयांना मिळाली. कोर्टातल्या तारखांच्या मधल्या वेळात, वकिलांच्या बाररूममध्ये बसून वाचली. छपाई बारीक आहे, आणि निवेदकाचं इंग्रजी मुद्दाम मोडकं, मधेमधे रशियन शब्द. पहिली वीसेक पानं वैताग येतो, मग कान सरावतो.

2075 सालचा चंद्र. कैदी आणि हद्दपार केलेल्यांची वसाहत. शिक्षा संपली तरी परत जाता येत नाही, कारण कमी गुरुत्वाकर्षणात शरीरच बदलतं. हे मला लगेच पटलं. अंदमानात काळ्या पाण्यावर गेलेल्यांचीही तिथेच वस्ती झाली होती.

पण मी थबकलो ते खटल्याच्या प्रसंगावर. पृथ्वीवरून आलेला पाहुणा रीत माहीत नसल्यामुळे एका मुलीच्या अंगाला हात लावतो. तिथली पोरं त्याला हवाबंद दारातून बाहेर, म्हणजे थेट मरणात, ढकलायला निघतात. न्यायाधीश कोण? संगणक दुरुस्त करणारा मॅन्युएल, आपला निवेदक. वकिलीची सनद नाही, कोर्टाची इमारत नाही. दोन्ही पक्षांनी मान्य केलं की झाला न्यायाधीश, आणि फीसुद्धा आधी ठरवायची! शेवटी पोरांनाही कानपिचक्या बसतात. माझ्या ज्युनिअर वकिलाला हे सगळं थापा वाटलं. मला नाही वाटलं. मराठेशाहीत गोतसभेचा, म्हणजे गावच्या न्यायसभेचा, निवाडा झाला की जिंकणारा शेरणी नावाची फी भरायचा, हरणारा गुन्हेगारी, म्हणजे दंड. पैसे दोघांकडूनही जायचे.

खटकलं ते वेगळंच. गोतसभेचा निवाडा नाही पटला तर वादी दुसऱ्या गावच्या सभेकडे, नाहीतर थेट सरकारात जाऊ शकत असे. इथे वर कोणीच नाही. आमच्या धंद्यात म्हणतात, हुकूमनामा मिळवणं सोपं, दरखास्तीत, म्हणजे त्याची अंमलबजावणी करून घेण्यात, जीव जातो. चंद्रावर दरखास्तीला मिनिटही लागत नाही, दार उघडलं की संपलं. हवासुद्धा विकत घ्यायची असते, मग वाळीत टाकणं आणि फाशी यांत फरक तो काय? हाइनलाइन म्हणतात, कायदा नसला तरी रीत माणसाला सांभाळते. आपल्याकडे 2016 साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला तो याच 'रीती'मुळे. जातपंचायतीने वाळीत टाकलेल्या एका कुटुंबाचं वकीलपत्र मी घेतलं होतं. त्यांना दळणसुद्धा दुसऱ्या गावाहून आणावं लागे.

पुस्तक आलं त्याच्या पुढच्याच वर्षी, 1967 मध्ये, देशादेशांमधला अंतराळ करार झाला. यानाची नोंद ज्या देशाकडे, त्यावरचा अधिकारही त्याच देशाचा, असं त्यात आहे. चंद्रावरच जन्मलेल्या पोराला कोणतं कोर्ट, हे मात्र त्यात शोधूनही सापडत नाही. त्या बाबतीत मॅन्युएलच बरा.

पाचात साडेतीन. प्रत ज्युनिअरकडे आहे, आणि तो परत द्यायचं नाव काढत नाही.