खाण बंद पडल्यानंतरचा हिशेब : सहा आठवड्यांच्या एका ऑनलाइन अभ्यासक्रमाविषयी

खनिजांनी समृद्ध असलेले प्रदेश मागे का राहतात, या विषयावर एका विद्यापीठाने चालवलेला सहा आठवड्यांचा ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. अंदाजपत्रके तयार करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्यामुळे मला त्यातून सिद्धान्तापेक्षा हिशेबाची अपेक्षा अधिक होती. ती बऱ्याच अंशी पूर्ण झाली. एका महत्त्वाच्या ठिकाणी मात्र अभ्यासक्रम अपुरा पडतो.

पहिला आठवडा परिचयाचा आहे. १९५९ मध्ये नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा सापडला, वायूच्या निर्यातीमुळे तेथील चलन वधारले आणि इतर कारखान्यांचा माल परदेशी बाजारात महाग ठरू लागला. या अवस्थेला १९७७ पासून ‘डच आजार’ म्हटले जाते. खनिजे असूनही प्रदेश मागे पडावा, यासाठीचा ‘साधनसंपत्तीचा शाप’ हा शब्दप्रयोग १९९३ मध्ये रिचर्ड ऑटी यांनी रूढ केला. ज्यांनी या विषयावर थोडेफार वाचले आहे त्यांनी हा आठवडा चाळून पुढे जावे.

खरा अभ्यास दुसऱ्या आठवड्यापासून सुरू होतो, कारण तेथे देश बाजूला ठेवून प्रदेश हातात घेतला आहे. प्रदेशाला स्वतःचे चलन नसते, मग डच आजार तेथे शिरतो कुठून, असा प्रश्न विचारून प्राध्यापिकेने मजुरी आणि घरभाडे या दोन वाटा दाखवल्या आहेत. खाणीत पगार जास्त मिळतो म्हणून कुशल वेल्डर लहान कारखाना सोडून तिकडे जातो, घरभाडी चढतात, शिक्षक आणि परिचारिका यांना तेथे राहणे परवडेनासे होते, आणि जे कारखाने खाणीवर अवलंबून नव्हते तेच आधी बंद पडतात. खाण मंदावते तेव्हा त्या माणसाला परत बोलावणारा कारखाना उरलेला नसतो. इतक्या सोप्या शब्दांत ही साखळी मी याआधी ऐकली नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात अमेरिकेच्या अ‍ॅपलाचिया भागातील कोळशाचा अभ्यास येतो. १९७० च्या दशकातील तेजीत कोळसाक्षेत्रात वाढलेल्या दर १० नोकऱ्यांमागे बांधकाम, किरकोळ विक्री आणि सेवा यांत दोनपेक्षाही कमी नोकऱ्या वाढल्या. १९८० च्या दशकातील मंदीत मात्र कोळशातील दर १० नोकऱ्या गेल्यावर या क्षेत्रांतील साडेतीन गेल्या. चढताना हाती थोडे आले आणि उतरताना त्याहून जास्त गेले. त्याच तेजीत शाळा सोडून कामाला लागणाऱ्या मुलांचे प्रमाण वाढले, ही गोष्ट मला त्याहून गंभीर वाटते, कारण गेलेली नोकरी पुन्हा मिळू शकते, पण सुटलेली शाळा सहसा सुटलेलीच राहते. याच्या शेजारी पेरूमधील यानाकोचा सोन्याच्या खाणीचे उदाहरण ठेवले आहे. तेथे खाणीने स्थानिक माणसे आणि स्थानिक माल घेण्याचे धोरण स्वीकारल्यावर आसपासच्या लोकांचे खरे, म्हणजे महागाई वजा जाता उरणारे, उत्पन्न वाढले. म्हणजे शाप अटळ नाही, आणि खाण कोणाकडून काय विकत घेते यावर बरेच अवलंबून आहे.

चौथ्या आठवड्यातील स्वाध्याय हा या अभ्यासक्रमाचा गाभा आहे आणि केवळ त्यासाठीही नाव नोंदवावे. एका काल्पनिक प्रदेशाचा तक्ता दिलेला असतो : खाणीचे आयुष्य २० वर्षे, सुरुवातीला वर्षाला १०० एकक स्वामित्वधन (खनिज काढू देण्याच्या बदल्यात खाणीकडून मिळणारी रक्कम), आणि नवव्या वर्षापासून भाव पडून ते ५०. भाव पडणार आहे हे पहिल्या वेळी सांगितलेले नसते. मी आलेला सर्व पैसा रस्ते, इमारती आणि कायम नोकरभरतीवर लावला. आठव्या वर्षी पगार आणि देखभाल मिळून ७० एककांचा बांधील खर्च उभा राहिला. नवव्या वर्षी दरसाल २० एककांची तूट सुरू झाली आणि विसाव्या वर्षी हातात फक्त कर्ज उरले. खनिज विकून आलेला पैसा हे उत्पन्न नव्हे, ते भांडवल मोडून खाणे आहे, हे वाक्य मी अनेकदा वाचले होते. त्या तक्त्यातील लाल आकडे स्वतः भरल्यावर ते अंगी लागले. दुसऱ्या वेळी निम्मे स्वामित्वधन निधीत टाकले, फक्त ३ टक्के परतावा खर्चाला घेतला आणि बांधील खर्च ३५ वर रोखला. त्या वेळी नववे वर्ष निभावले आणि शेवटी निधीत ७०० एकक राहिले. तरीही खाण बंद झाल्यावर परताव्याचे वर्षाला २१ एककच येतात, म्हणजे इतर करांची सोय आधीपासून करावी लागते.

पाचवा आठवडा खनिजांचा आणि तेलाचा पैसा साठवणाऱ्या निधींचा आहे. नॉर्वेने १९९० मध्ये कायदा केला आणि १९९६ मध्ये निधीत पहिली रक्कम जमा केली. अलास्काने १९७६ मध्ये राज्यघटनेतच तरतूद केली आणि १९८२ पासून रहिवाशांना लाभांश दिला. बोट्स्वानाने हिऱ्यांचा पैसा शिक्षण, आरोग्य आणि भांडवली कामांकडे वळवला. मांडणी चांगली आहे, पण नॉर्वेला दिलेला वेळ प्रमाणाबाहेर आहे. बहुतेक खाणप्रदेशांना स्वामित्वधन केव्हा आणि किती मिळावे हे ठरवण्याचा अधिकारच नसतो. ब्राझीलमध्ये तेलाचा पैसा मिळालेल्या नगरपालिकांचा कागदोपत्री खर्च वाढला, पण लोकांना मिळणाऱ्या सेवा त्या मानाने सुधारल्या नाहीत, हा अभ्यास जिल्हा पातळीवरच्या माणसाला अधिक उपयोगी आहे, आणि त्याची बोळवण दहा मिनिटांत केली आहे. स्वाध्याय तपासणीही निराशाजनक होती. चार पानांच्या उत्तरावर मला एका ओळीचा अभिप्राय मिळाला.

सर्वांत मोठी उणीव सहाव्या आठवड्यात आहे. खाण बंद करण्याचा खर्च त्यात जवळजवळ नाही. अमेरिकेतील ब्यूट येथे १९८२ मध्ये पंप थांबवल्यावर बर्कली पिट या तांब्याच्या उघड्या खाणीत आम्लयुक्त, धातुमिश्रित पाणी साचत गेले. जर्मनीतील रूर भागात दगडी कोळशाची शेवटची खाण डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली, परंतु खचलेल्या भूभागातील पाणी उपसणे कधीच थांबवता येणार नाही, म्हणून त्यासाठी २००७ मध्येच एक स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन करावे लागले. प्रादेशिक अर्थव्यवस्थेवरील अभ्यासक्रमात ही बाब वगळता येत नाही.

म्हणून मी चौथ्या आठवड्याचा तक्ता पुन्हा उघडला आणि त्यात स्वतः एक ओळ वाढवली : पाणी उपसा, दरसाल ८ एकक, एकविसाव्या वर्षापासून पुढे कायम. परताव्याच्या २१ एककांपैकी शाळा, दवाखाना आणि रस्ते यांसाठी १३ उरले. अभ्यासक्रम घेणाऱ्यांनी ही ओळ पहिल्याच दिवशी भरून मग बाकीचा तक्ता सोडवावा.