ओढायला दणकट, आवरायला अवघड: ऑफ-रोड गाडीमागे ट्रेलर जोडून काही महिने

गाडी लॅडर फ्रेमची (शिडीसारख्या वेगळ्या पोलादी चौकटीवर बांधलेली), डिझेल, पार्ट-टाइम फोर-व्हील-ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना ताकद फक्त लागेल तेव्हा. मागे एका ॲक्सलचा ऑफ-रोड ट्रेलर, सामान भरून साधारण 1400 किलो, त्याला इलेक्ट्रिक ब्रेक. डांबर, खडी, चिखल, वाळू सगळं पालथं घालून झालं. ट्रेलरवर मी खूश आहे. गाडीबद्दलचं मत मात्र जरा बदललं. कच्च्या रस्त्यावर तिचे जे गुण आपण कौतुकाने सांगतो, त्यातले बरेच ट्रेलर जोडल्यावर डोकेदुखी होतात.

ओढण्याबद्दल तक्रार नाही. खालच्या आरपीएमला भरपूर टॉर्क, मजबूत फ्रेम, गाडी चढावर कुरकुरत नाही. खरी गोम तिथेच आहे. मागे दीड टनाच्या जवळपास काही लटकलंय हे सरळ रस्त्यावर जाणवतच नाही. जाणवतं ते थांबताना, वळताना किंवा मोठा ट्रक शेजारून गेल्यावर.

आधी ब्रोशरमधल्या आकड्याबद्दल. ‘3000 किलो ओढते’ असं छापलेलं असलं तरी गाडी आणि ट्रेलर मिळून एकूण वजनाची वेगळी मर्यादा असते. समजा ती 5500 आहे आणि माणसं, सामान, विंच (गाडी ओढून काढायची दोराची चरखी), छतावरचा रॅक मिळून गाडीच 3000 वर गेली, तर ट्रेलरला उरले 2500. ऑफ-रोडवाल्यांच्या गाड्या स्टीलच्या बंपरनी आणि ॲक्सेसरींनी आधीच जड झालेल्या असतात, त्यामुळे हा हिशेब आपल्याला जास्त लागू पडतो. वजनकाट्यावर एकदा पूर्ण भरलेली जोडी नेऊन आणा, आकडा बघून बहुतेकांच्या भुवया वर जातील.

पण एकूण वजनापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे टो बॉलवर, म्हणजे गाडीमागच्या ज्या गोळ्यावर ट्रेलर अडकतो त्यावर, किती भार येतो. माझ्यासारख्या ट्रेलरला एकूण वजनाच्या सुमारे 10 टक्के चांगले चालतात, म्हणजे 140 किलो. काही देशांत याहून कमी, काही ठिकाणी 15 टक्क्यांपर्यंत सांगतात; गाडीच्या आणि हिचच्या (बॉल धरणाऱ्या जोडणीच्या) स्वतःच्या मर्यादेपलीकडे जायचं नाही हे सगळीकडे सारखं. भार कमी पडला की ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. जास्त झाला की गाडीचा मागचा भाग बसतो. गाडीच्या मागच्या ॲक्सलपासून बॉल 1.2 मीटर मागे आणि व्हीलबेस (पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर) 2.7 मीटर असेल, तर बॉलवरचे 140 किलो मागच्या चाकांवर सुमारे 202 किलो टाकतात आणि पुढच्या चाकांवरून 62 किलो उचलतात. पुढची चाकं हलकी म्हणजे स्टिअरिंग पोकळ, आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात. ऑफ-रोडसाठी मऊ ठेवलेल्या स्प्रिंगा इथे दगा देतात. मी मागे जास्त भाराच्या स्प्रिंगा टाकल्या. रिकामी गाडी आता खड्ड्यांत आदळते, पण हा सौदा मला मान्य आहे.

सामान कुठे ठेवलंय यावर सगळा खेळ आहे. समजा, ट्रेलरच्या मागच्या बंपरवर पाण्याचे दोन भरलेले कॅन, 40 किलो, ॲक्सलपासून दीड मीटर मागे. ॲक्सल ते कपलर (बॉलवर बसणारं ट्रेलरचं टोक) अंतर तीन मीटर असेल तर बॉलवरून 20 किलो सरळ कमी. मग लोक पुढे 20 किलो ठेवून आकडा जुळवतात. काट्यावर बरोबर दिसतं, रस्त्यावर नाही. दोन्ही टोकांना वजन असलेला ट्रेलर एकदा डोलायला लागला की लवकर शांत होत नाही. जड वस्तू ॲक्सलच्या आसपास, खाली आणि किंचित पुढे, एवढं पाळलं तर निम्मं काम झालं. आणखी एक: लिफ्ट केलेल्या, म्हणजे उंची वाढवलेल्या गाडीचा बॉल उंच जातो, ट्रेलर नाक वर करून चालतो. खाली उतरलेला हिच घ्या आणि ट्रेलर सपाट किंवा किंचित नाकाकडे झुकलेला ठेवा.

ब्रेकच्या बाबतीत मी ठाम आहे. अनेक देशांत 750 किलोपर्यंत ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसले तरी कायदा चालवून घेतो. घाटात मी ते करणार नाही. ट्रेलरच्या ढकलण्याने लागणारे ओव्हररन ब्रेक सोपे असतात, पण ट्रेलरचे ब्रेक वेगळे लावायची सोय नसते. इलेक्ट्रिक ब्रेकला केबिनमध्ये कंट्रोलर असतो. ट्रेलर डोलायला लागला तर गाडीचा ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंगने झटापट करायची नाही, ॲक्सिलरेटर सोडायचा आणि फक्त ट्रेलरचा ब्रेक हाताने हलका लावायचा. ट्रेलर मागे खेचला जाऊन सरळ होतो. ही सोय एकटीच कंट्रोलरचे पैसे वसूल करते. मात्र गेन, म्हणजे ट्रेलरचा ब्रेक किती जोरात लागावा ते, प्रत्येक वेळी जुळवावा लागतो: खडीवर तोच गेन ठेवला तर ट्रेलरची चाकं लॉक होतात. आणि वेग 80 वरून 100 वर नेला की थांबवायची ऊर्जा दीडपटीहून जास्त होते, म्हणून मी 80 च्या आसपासच रमतो. मागचे लोक हॉर्न वाजवतात, वाजवू देत.

कच्च्या रस्त्यावर साधा बॉल कपलर अपुरा पडतो. गाडी एका बाजूला आणि ट्रेलर दुसऱ्या बाजूला कलला की त्याची हालचाल संपते आणि कपलरवर पीळ येतो. तिन्ही दिशांना फिरणारं ऑफ-रोड कपलिंग हवंच. सेफ्टी चेन कपलरखाली एकमेकींना ओलांडून लावा, म्हणजे कपलर सुटला तरी नाक चेनवर टेकतं, रस्त्यात रुतत नाही. ओल्या चढावर किंवा वाळूत 4H (चारही चाकांना ताकद, नेहमीचे गिअर), अगदी हळू आणि तीव्र उतारावर 4L (चारही चाकांना ताकद, हळू चालीचे गिअर). कोरड्या डांबरावर मात्र 2H (फक्त दोन चाकांना ताकद), नाहीतर ड्राइव्हलाइनला ताण येतो. उलटं नेताना ओल्या गवतावर 4L मध्ये इंच-इंच सरकणं फार सोयीचं.

एक गोष्ट विनवून सांगतो. रुतलेली गाडी ओढायला टो बॉलला दोर अडकवू नका. ताणला जाणाऱ्या रिकव्हरी दोराच्या झटक्याने बॉल तुटला की तो गोळीसारखा सुटतो. त्यासाठी रेटिंग असलेला रिकव्हरी पॉइंट असतो.

देखभाल थोडी, पण टाळण्यासारखी नाही. चाक काढलं असेल तर पहिल्या 50 ते 100 किलोमीटरनंतर नट पुन्हा टॉर्क करायचे, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळायचे. थांबल्यावर हब (बेअरिंग असलेला चाकाचा मधला भाग) हाताने जपून चाचपायचे, एक हब दुसऱ्यापेक्षा जास्त तापला असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक बघायचा. ओढा ओलांडण्याआधी हब थंड होऊ द्या. गरम हब पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. त्यानंतर ग्रीस दुधट दिसलं तर बदलायचं.

ट्रेलर घ्यावा का? वारंवार, जड सामानासह जाणार असाल तर नक्की. वर्षातून एकदा तंबू आणि चार पेट्या न्यायच्या असतील, तर ट्रेलर नको. गाडीतलं अर्धं सामान घरी ठेवा.