झी-ओएस कनेक्ट: जोडणी सोपी, खरं काम कॉपीबुकात

मेनफ्रेमवरचा (बँकांसारख्यांच्या मोठ्या संगणकावरचा) जुना कोबोल प्रोग्राम मोबाइल ॲपला रेस्ट एपीआय (वेबवरून हाक मारायची सोय) म्हणून द्यायचा असेल, तर आयबीएमचं झी-ओएस कनेक्ट हा आज सर्वांत सरळ मार्ग आहे. उत्पादन चांगलं आहे, घ्यावं असंच आहे. मात्र ते बसवायला फार वेळ लागत नाही. वेळ खातं ते कॉपीबुक (प्रोग्रामच्या डेटाची मांडणी लिहिलेली फाइल), आणि एस्टिमेटमध्ये नेमकं तेच धरलेलं नसतं.

आत लिबर्टी सर्व्हर आहे, म्हणजे जावा. त्यामुळे जेसनच्या (ॲपशी डेटाची देवाणघेवाण होते त्या मजकुरी रूपाच्या) रूपांतराचा बराचसा भार झीप या जावासारख्या कामासाठीच्या वेगळ्या प्रोसेसरवर जातो आणि एमएसयूवर (जनरल प्रोसेसरच्या वापराच्या मापावर) ठरणारं सॉफ्टवेअरचं बिल त्या मानाने वाढत नाही. झीप आधीच भरलेला असेल तर तेच काम जनरल प्रोसेसरवर येतं, तेव्हा अगोदर आरएमएफचा (प्रोसेसरचा वापर मोजणाऱ्या साधनाचा) रिपोर्ट बघा.

सीआयसीएसच्या (मेनफ्रेमवर हे प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) बाजूला आयपीआयसी या त्याच्या जोडणीच्या प्रोटोकॉलची टीसीपीआयपी सर्व्हिस उघडायची, सर्व्हरच्या एक्सएमएलमध्ये होस्ट आणि पोर्ट द्यायचा, झालं. प्रोग्रामला हात लावावा लागत नाही. फक्त डीफॉल्टवर राहू नका. डीफॉल्टमध्ये सगळ्या हाका सीएसएमआय या एकाच ट्रॅन्झॅक्शनखाली धावतात आणि कोणता एपीआय सीपीयू खातोय ते मॉनिटरिंगमध्ये कळत नाही. प्रत्येक एपीआयला स्वतःचा ट्रॅन्झॅक्शन आयडी द्या आणि तो मिरर टास्कलाही (बाहेरची हाक घेऊन प्रोग्राम चालवणाऱ्या कामालाही) लागेल असा पर्याय निवडा. नुसता ईआयबीपुरता (प्रोग्रामला दिसणाऱ्या माहितीच्या ब्लॉकपुरता) दिलात तर टास्क सीएसएमआयच राहतो.

आता कॉपीबुक. एस९(७)व्ही९९ कॉम्प-३ हे पाच बाइटचं पॅक्ड दशांश फील्ड (एका बाइटात दोन अंक ठेवणारं) साधन व्यवस्थित दशांशात बदलतं. गोची होते ती रिडिफाइन्सपाशी, म्हणजे एकाच जागेला दुसरं रूप दिलेलं असतं तिथे. कॉपीबुकात पिक एक्स (साधा मजकूर) दिसतं, प्रोग्राम मात्र आत तीच जागा पॅक्ड दशांश म्हणून वाचतो. ॲपने फील्ड रिकामं सोडलं की तिथे हेक्स ४० (मोकळ्या जागेचं अक्षर) भरतात, पहिल्याच बेरजेला डेटा एक्सेप्शन येतं, टास्क एएसआरए या चूक-कोडने पडतो आणि ॲपला नुसता ५०० (सर्व्हरची चूक) दिसतो. म्हणून कॉपीबुकाबरोबर प्रोसिजर डिव्हिजनही (प्रोग्रामचा प्रत्यक्ष काम करणारा भाग) वाचायलाच हवं. ऑकर्स ५० (म्हणजे ५० ओळी) असलेल्या टेबलात तीनच ओळी भरलेल्या असल्या तरी मॅपिंगमध्ये गाळल्या नाहीत तर उरलेल्या रिकाम्या ओळीही जेसनमध्ये जातात. कॉमएरियाची (प्रोग्रामला डेटा देण्याच्या जागेची) मर्यादा ३२ केबी; त्यापुढे चॅनल-कंटेनर ही सीआयसीएसची दुसरी पद्धत वापरा.

स्क्रीन आणि हिशेब एकाच प्रोग्रामात मिसळलेले असतील तर हे साधन उपयोगाचं नाही. या मार्गाने हाक आली की सेंड मॅपसारखे टर्मिनलचे आदेश चालत नाहीत. आधी हिशेबाचा भाग वेगळ्या प्रोग्रामात काढा.

नव्या कामाला ओपनएपीआय ३ चाच (एपीआयचं वर्णन लिहिण्याच्या प्रमाणाच्या नव्या आवृत्तीचा) मार्ग धरा. जुन्या ओपनएपीआय २ च्या पद्धतीत एक्लिप्समध्ये (प्रोग्रामरच्या साधनात) कॉपीबुकापासून सुरुवात होते आणि सीयूएसटी-एनएम-१ छापाची नावं, बदलली नाहीत तर, थेट ॲपपर्यंत पोचतात. नव्यात आधी एपीआयचा करार लिहायचा, कंटेनरमधल्या डिझायनरमध्ये जेसोनाटाने (जेसन बदलण्याच्या भाषेने) मॅपिंग करायचं आणि ग्रेडल या साधनाने वॉर फाइल (सर्व्हरवर चढवायचं पॅकेज) बांधायची. प्रकल्प गिटमध्ये राहतो, वॉर पाइपलाइनमधून जाते. पुण्या-मुंबईतून परदेशी बँकांचा कोबोल सांभाळणाऱ्या टीमना हा फरक रोज जाणवेल.

सुरक्षेत आरएसीएफ (मेनफ्रेमची सुरक्षा व्यवस्था) वापरायचं तर एंजल प्रोसेस (लिबर्टीला मेनफ्रेमच्या सेवा मिळवून देणारी) आधी चालू हवी. ती नसली तरी सर्व्हर उठतो, पण लॉगिन फसतं. लॉगमध्ये सीडब्ल्यूडब्ल्यूकेबी०१०४आय शोधा, कोणती सेवा मिळाली नाही ते तिथे लिहिलेलं असतं.

एक गोष्ट मात्र झी-ओएस कनेक्ट तुमच्यासाठी करणार नाही. एपीआयला टाइमआउट आला तरी मागे प्रोग्राम कमिट करून मोकळा झालेला असू शकतो. ॲपने तीच हाक पुन्हा दिली की पैसे दोनदा वळते होतात. त्यासाठी विनंतीचा एकमेव क्रमांक कॉपीबुकात घ्या, डीबी२ या डेटाबेसच्या टेबलात त्यावर युनिक इंडेक्स लावा आणि एसक्यूएलकोड -८०३ (तोच क्रमांक आधीच आहे) आला तर आधीचंच उत्तर परत द्या.